विश्लेषण : ‘बंद करून पुन्हा चालू करा’ हा उपाय की पळवाट? छोट्या चिपमधील मेमरीचा हिशेब का चुकतो?

वॉशिंग मशीन मध्येच थांबते, सेट-टॉप बॉक्स गोठतो, इलेक्ट्रिक स्कूटरचा डिस्प्ले काळा पडतो. ग्राहक सेवा केंद्राकडे तक्रार केली की पहिला सल्ला ठरलेला असतो : बंद करून पुन्हा चालू करा. बहुतेक वेळा उपकरण खरोखरच चालू होते आणि विषय तेथेच संपतो. पण बंद-चालू केल्याने नेमके काय बदलते? तर उपकरणातील तात्पुरती मेमरी कोरी होते आणि आत चुकत गेलेला हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. चूक दुरुस्त होत नाही, ती फक्त पुढे ढकलली जाते. घरातील यंत्रापुरते हे चालून जाते. मात्र हाच हिशेब कर्करोगावरील उपचारयंत्रात, क्षेपणास्त्ररोधक यंत्रणेत आणि अवकाशयानातही चुकला आहे. त्यांच्या चौकशीच्या नोंदी वाचल्या, तर ‘तांत्रिक बिघाड’ या सोयीच्या शब्दांआड अनेकदा एखाद्या बाईटचा न केलेला हिशेब असतो, असे दिसते. हा हिशेब माणसांनी करायचा असतो, म्हणून त्याची जबाबदारीही निश्चित करता येते. ती निश्चित व्हायला हवी.

छोट्या चिपमध्ये मेमरी असते तरी किती?

मायक्रोवेव्ह, वीजमीटर, लिफ्ट, दुचाकी, इन्फ्युजन पंप अशा यंत्रांच्या आत बसवलेल्या संगणकाला एम्बेडेड प्रणाली म्हणतात. त्याला पडदा किंवा कीबोर्ड असेलच असे नाही. एक चिप असते आणि ती ठरलेले काम वर्षानुवर्षे करत राहते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या हातात हमखास दिसणाऱ्या अर्डुइनो उनो बोर्डावरील चिपचे उदाहरण घेता येईल. तिच्यात प्रोग्राम साठवण्यासाठी ३२ किलोबाईट जागा आहे आणि काम करताना वापरायची मेमरी फक्त २ किलोबाईट, म्हणजे २,०४८ बाईट आहे. इंटेलने १९८० मध्ये आणलेल्या आणि अजूनही अभ्यासक्रमात असलेल्या ८०५१ चिपमध्ये तर ही अंतर्गत मेमरी १२८ बाईटच होती.

२,०४८ बाईट म्हणजे किती? संगणकात मराठी मजकूर साठवण्याच्या सध्याच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाईट लागतात. काना, मात्रा, हलन्त यांचीही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. म्हणजे या संपूर्ण मेमरीत जेमतेम ६८२ चिन्हे मावतील. या लेखाचा पहिला परिच्छेदही तिच्यात बसणार नाही. तेवढ्याच जागेत यंत्राला तापमान मोजायचे, मोटर फिरवायची, वेळ सांभाळायची आणि डिस्प्लेवर अक्षरेही दाखवायची असतात.

आता मेमरी स्वस्त झाली आहे, मग मोठी चिप का वापरत नाहीत, असा प्रश्न पडू शकतो. एका नगामागे दोन-चार रुपयांचा फरक असला, तरी लाखो नग बनवणाऱ्या कंपनीसाठी ती मोठी रक्कम ठरते. बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणात विजेचाही प्रश्न असतो. त्यामुळे छोटी मेमरी वापरण्यात गैर काही नाही. छोटी मेमरी वापरून तिचा हिशेब मात्र न करणे हे गैर आहे.

येथे चूक गुपचूप का होते?

लॅपटॉप किंवा मोबाइलमध्ये ऑपरेटिंग सिस्टीम पहारेकऱ्याचे काम करते. एखाद्या प्रोग्रामने आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीला हात लावला, तर तो प्रोग्राम ताबडतोब बंद पाडला जातो. वापरणाऱ्याला त्रास होतो, पण काहीतरी चुकले हे कळते. अनेक छोट्या चिपमध्ये असा पहारेकरीच नसतो. सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम ज्या पत्त्यावर लिहायला सांगेल, तेथे चिप निमूट लिहिते.

एक साधे उदाहरण पाहू. डिस्प्लेवर स्वागताचा शब्द दाखवण्यासाठी प्रोग्रामरने १६ बाईटची जागा राखून ठेवली. रोमन लिपीतील ‘नमस्कार’ला आठ अक्षरांचे आठ बाईट आणि शब्द संपल्याची खूण म्हणून एक शून्य, असे नऊ बाईट लागतात. सगळे नीट चालते. पुढे कोणीतरी तोच शब्द देवनागरीत टाकला. न, म, स, हलन्त, क, काना, र अशी सात चिन्हे, म्हणजे २१ बाईट आणि शेवटचे शून्य मिळून २२. राखीव जागा १६ बाईटची. उरलेले सहा बाईट कोठे जातात? ते शेजारच्या जागेवर लिहिले जातात. तेथे मोटरचा वेग साठवला असेल तर वेग बदलतो, तापमानाची मर्यादा असेल तर मर्यादा बदलते. चिप कोणतीही तक्रार करत नाही. बिघाड मोटरमध्ये दिसतो आणि दोष मात्र स्वागताच्या शब्दात असतो. त्यामुळे दुरुस्तीला आलेला माणूस मोटर बदलून निघून जातो.

दुसरी गंमत शून्य क्रमांकाच्या पत्त्याची. सी भाषेत ‘कोठेच नाही’ हे सांगण्यासाठी शून्य पत्ता वापरतात. मोठ्या संगणकावर त्या पत्त्याला हात लावला की प्रोग्राम तत्काळ कोसळतो आणि चूक पकडली जाते. अनेक छोट्या चिपमध्ये मात्र शून्य पत्त्यावर खरीखुरी मेमरी असते. तेथून कोणता तरी आकडा मिळतो आणि प्रोग्राम तो खरा मानून पुढे जातो.

तिसरी गंमत कम्पायलरची, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम चिपच्या भाषेत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरची. ‘बटण दाबले जाईपर्यंत वाट पाहा’ असे प्रोग्राममध्ये लिहिलेले असते. कम्पायलर पाहतो की वाट पाहणारा भाग बटणाची नोंद स्वतः कधीच बदलत नाही. मग ती पुन:पुन्हा वाचायची कशाला, असा विचार करून तो ती एकदाच वाचतो. बटण दाबले तरी यंत्राला कळत नाही. ही नोंद बाहेरून बदलू शकते, हे कम्पायलरला सांगण्यासाठी सी भाषेत ‘व्होलटाइल’ हा शब्द आहे. तो लिहायचा राहिला तर चाचणीच्या आवृत्तीत नीट चालणारे यंत्र विक्रीच्या आवृत्तीत अडकू शकते, कारण कम्पायलरची ही काटकसर बहुधा शेवटच्या टप्प्यातच पूर्ण सुरू केलेली असते.

आकडा ‘उलटतो’ म्हणजे काय?

जुन्या स्कूटरच्या मीटरवर ९९,९९९ किलोमीटर झाले की पुढे पुन्हा शून्य यायचे. स्कूटर नवी झालेली नसायची, मीटरला आणखी एक घर नसायचे. चिपमधील मेमरीचेही असेच आहे. एका बाईटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. २५५ मध्ये एक मिळवला की ० होतो. अर्डुइनो उनोवर साधी पूर्णांक संख्या दोन बाईटची असते आणि तिची कमाल मर्यादा ३२,७६७ आहे. एका मिनिटाचे मिलिसेकंद काढण्यासाठी ६० गुणिले १,००० असे सरळ लिहिले, तर उत्तर ६०,००० न येता सहसा उणे ५,५३६ येते.

ही केवळ प्रयोगशाळेतील गंमत नाही. कॅनडातील सरकारी कंपनीने बनवलेले थेरॅक-२५ हे कर्करोगावरील किरणोपचाराचे यंत्र संगणकावर चालत होते. १९८५ ते १९८७ या काळात या यंत्राने अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना ठरलेल्या मात्रेच्या कैकपट किरणोत्सर्ग दिला. त्यात काहींचा मृत्यू झाला. सर्व घटनांचे कारण एक नव्हते. मात्र जानेवारी १९८७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील याकिमा येथील घटनेच्या मुळाशी एक बाईट होता.

यंत्राचे भाग जागेवर आहेत की नाहीत हे तपासायचे का, हे ठरवण्यासाठी प्रोग्राममध्ये एका बाईटची नोंद होती. ती शून्य असेल तर तपासणीची गरज नाही, शून्याखेरीज काहीही असेल तर तपासा, असा नियम होता. नोंदीत ठरावीक आकडा लिहिण्याऐवजी प्रत्येक फेरीत तिच्यात एक मिळवला जात होता. साहजिकच प्रत्येक २५६ व्या फेरीत ती शून्य व्हायची आणि त्या क्षणापुरती तपासणी वगळली जायची. तंत्रज्ञाने नेमक्या त्याच क्षणी बटण दाबले, तर भाग चुकीच्या जागी असतानाही किरण सुरू होत. याकिमात तसेच घडले. दुरुस्ती काय होती? एक मिळवण्याऐवजी त्या नोंदीत शून्याखेरीज एक ठरावीक आकडा लिहिणे.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. याच कंपनीच्या आधीच्या यंत्रात चुकीच्या स्थितीत किरण सुरू होऊ नयेत म्हणून स्वतंत्र विद्युत-यांत्रिक अटकाव होते. थेरॅक-२५ मध्ये ते काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली गेली. म्हणजे चूक एका बाईटची असली, तरी त्या बाईटवर जीव टांगण्याचा निर्णय माणसांचा होता.

वेळ मोजताना घोळ कसा होतो?

एम्बेडेड यंत्रात वेळ म्हणजे सतत वाढत जाणारा एक आकडा. चार बाईटमध्ये मिलिसेकंद मोजले तर ४९.७ दिवसांनी आकडा उलटतो. विंडोज ९५ ही संगणकप्रणाली एवढे दिवस सलग चालली की गोठत असे, त्याचे कारण हेच. अर्डुइनोवरही वेळ ४९.७ दिवसांनीच उलटते. यावर साधा तोडगा आहे. ‘आत्ताची वेळ अमुक आकड्याच्या पुढे गेली का’ असे न विचारता ‘आत्ताच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा केली तर किती उरते’ असे विचारायचे. ऋण संख्या नसलेल्या प्रकारात हिशेब केला, तर ही वजाबाकी आकडा उलटल्यावरही बरोबर येते. दोन्ही प्रकारे लिहिलेला प्रोग्राम पहिले ४९ दिवस सारखाच चालतो. फरक पन्नासाव्या दिवशी कळतो. तोवर चाचणी करणारा घरी गेलेला असतो.

बोइंग ७८७ विमानांबाबत अमेरिकेच्या नागरी हवाई प्रशासनाने २०१५ मध्ये एक आदेश काढला. वीजनिर्मिती नियंत्रित करणारे घटक सलग २४८ दिवस चालू राहिले, तर त्यांच्यातील अंतर्गत मोजणी ओसंडून सगळे घटक एकाच वेळी सुरक्षित स्थितीत जाऊ शकतात आणि विमानाचा प्रत्यावर्ती वीजपुरवठा बंद पडू शकतो, असे त्यात म्हटले होते. चार बाईटच्या ऋण-धन संख्येत सेकंदाचे शतांश मोजले, तर मर्यादा बरोबर २४८ दिवसांच्या पुढे संपते. हा दोष उड्डाणात नव्हे, तर प्रयोगशाळेतील चाचणीत आढळला. सॉफ्टवेअर बदलून मिळेपर्यंतचा तात्पुरता उपाय कोणता होता? ठरावीक दिवसांनी विमानाची वीज पूर्ण बंद करून पुन्हा चालू करणे.

आखाती युद्धातील प्रसंग अधिक वेदनादायी आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे इराकचे स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर कोसळले आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले. तेथील पॅट्रियट यंत्रणेने ते अडवण्याचा प्रयत्नच केला नाही. ही यंत्रणा वेळ सेकंदाच्या दशांशात मोजत होती. दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहिताना जसे ३ संपत नाहीत, तसे संगणकाच्या द्विमान पद्धतीत एक दशांश कधीच पूर्ण लिहिता येत नाही. पॅट्रियटमध्ये तो २४ बिटांवर कापला होता. एका वेळी होणारी चूक सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी होती. पण यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू होती. तोवर चूक साठत साठत सुमारे एक तृतीयांश सेकंद झाली. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. पॅट्रियट आकाशात चुकीच्या जागी पाहत राहिली.

या प्रकरणाच्या अधिकृत चौकशीतील एक तपशील आजच्या चर्चेच्या केंद्रस्थानी असायला हवा. यंत्रणा फार वेळ सलग चालवल्यास नेम सरकू शकतो, असा इशारा घटनेच्या काही दिवस आधी दिला गेला होता. मात्र ‘फार वेळ’ म्हणजे किती तास, हे त्यात सांगितले नव्हते. यंत्रणा बंद करून चालू करणे हे मिनिट-दीड मिनिटाचे काम होते. सुधारित सॉफ्टवेअर धाहरानला पोहोचले ते दुसऱ्या दिवशी. म्हणजे दोष माहीत होता, उपायही माहीत होता. ज्यांच्या जिवाचा प्रश्न होता, त्यांना आकडा सांगितला गेला नाही.

जागा शिल्लक असूनही ती अपुरी का पडते?

प्रोग्राम चालताना लागेल तशी मेमरी मागून घेण्याची आणि काम झाले की परत करण्याची सोय सी भाषेत आहे. या साठ्याला हीप म्हणतात. देवघेव बराच काळ चालली की साठ्याचे तुकडे पडतात. लग्नाच्या पंगतीत इकडे एक, तिकडे दोन अशी दहा पाने रिकामी असतात, पण पाच जणांच्या कुटुंबाला शेजारी-शेजारी बसायला जागा मिळत नाही. तसेच येथे होते. एकूण शिल्लक ४०० बाईट असते, पण सलग १०० बाईट मिळत नाहीत. मागणी नाकारली जाते. ती नाकारली गेली तर काय करायचे, हे प्रोग्राममध्ये लिहिलेले नसेल, तर पुढे काहीही होऊ शकते.

दुसरीकडे, चालू कामाची तात्पुरती टिपणे ठेवण्याचा भाग म्हणजे स्टॅक. अर्डुइनोसारख्या चिपमध्ये हीप खालून वर वाढतो आणि स्टॅक वरून खाली येतो. मध्ये भिंत नसते. दोघे एकमेकांना भिडले की एकाची टिपणे दुसऱ्याच्या साठ्यावर उमटतात.

मेमरीची मागणी पुरी न झाल्याने काय होते, हे मंगळावर दिसले. नासाची स्पिरिट ही बग्गी जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरली. २१ जानेवारीला तिच्याशी असलेला संपर्क विस्कळीत झाला. बग्गी पुन:पुन्हा स्वतःला बंद करून चालू करत होती, तेही साठहून अधिक वेळा. रात्री तिने झोपायला हवे होते, पण ती जागीच राहत होती आणि बॅटरी उतरत होती. तिच्या २५६ मेगाबाईटच्या फ्लॅश मेमरीत फायलींची संख्या फार वाढली होती. त्या सगळ्यांची यादी १२८ मेगाबाईटच्या कामकाजाच्या मेमरीत ठेवावी लागत होती आणि त्या यादीला जागा पुरली नाही. चालू होताना यादी पुन्हा वाचली जायची, पुन्हा जागा कमी पडायची, पुन्हा बग्गी बंद व्हायची. ‘बंद करून पुन्हा चालू करा’ हा उपाय येथे स्वतःच आजार बनला. पृथ्वीवरील अभियंत्यांनी फ्लॅश न वाचता चालू होण्याची आज्ञा पाठवली, जुन्या फायली हटवल्या आणि नंतर फ्लॅश नव्याने आखून घेतली. ९० मंगळदिवसांसाठी पाठवलेली ही बग्गी २०१० पर्यंत संपर्कात राहिली.

असे अनुभव नवे नसल्यानेच या क्षेत्रात कडक नियम आहेत. वाहन उद्योगासाठी १९९८ मध्ये प्रथम आलेली मिसरा सी ही नियमावली अशी मेमरी मागण्यास मनाई करते. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या दहा नियमांपैकी एक असा की, सुरुवातीची जुळवाजुळव झाल्यावर प्रोग्रामने नवी मेमरी मागू नये. म्हणजे पाने आधीच मांडायची आणि पंगत सुरू झाल्यावर नवा पाहुणा घ्यायचा नाही. नियम रूक्ष आहे, पण त्यामुळे जास्तीत जास्त किती मेमरी लागेल, हे आधी सांगता येते.

मेमरी झिजते का?

होय. वीज गेल्यावरही माहिती टिकवणारी मेमरी प्रत्येक लेखनागणिक थोडी झिजते. अर्डुइनो उनोच्या चिपमधील अशा कायमस्वरूपी साठ्याच्या एका जागेला एक लाख वेळा लिहिण्याची क्षमता दिलेली आहे. आकडा मोठा वाटतो. पण एखाद्या प्रोग्रामरने दर मिनिटाला त्याच जागी नोंद लिहिली, तर एक लाख नोंदी ७० दिवसांत पूर्ण होतात. दर सेकंदाला लिहिली, तर अवघ्या २८ तासांत.

टेस्लाच्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स या मोटारींच्या मध्यवर्ती पडद्यामागे ८ गिगाबाईटची अशीच फ्लॅश मेमरी होती. रोजच्या वापरातील लेखनाने ती पाच-सहा वर्षांत संपते, असे अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेच्या चौकशीत दिसून आले. ती संपली की मागचा कॅमेरा आणि काचेवरील धुके घालवण्याच्या सोयीवर परिणाम होत होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावण्यात आल्या. टायर झिजतात हे मोटारमालकाला माहीत असते. आपल्या मोटारीची मेमरी झिजते आणि ती किती वर्षे टिकेल, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

नवी भाषा आली की प्रश्न सुटेल?

काही प्रमाणात सुटेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्हाइट हाऊसमधील सायबर कार्यालयाने मेमरीबाबत सुरक्षित भाषा वापरण्याचे आवाहन केले. रस्ट ही त्यातील चर्चेतील भाषा. हद्दीबाहेर लिहिणे, परत केलेली मेमरी पुन्हा वापरणे अशा चुका ती मोठ्या प्रमाणात रोखते. पण आकडा उलटण्याचे काय? रस्टमध्येही विक्रीसाठी तयार केलेल्या आवृत्तीत ती तपासणी आपोआप चालू नसते, ती मुद्दाम चालू ठेवावी लागते. आणि झिजणाऱ्या फ्लॅशला कोणतीही भाषा वाचवू शकत नाही.

एरियन-५ या युरोपीय रॉकेटचा धडा येथे आठवावा. ४ जून १९९६ रोजी पहिल्याच उड्डाणात ते सुमारे ४० सेकंदांत फुटले. आठ बाईटची अपूर्णांक संख्या दोन बाईटच्या जागेत कोंबली गेली आणि मावली नाही. हा प्रोग्राम सीमध्ये नव्हता, तर सुरक्षित मानल्या जाणाऱ्या एडा भाषेत होता. भाषेने चूक पकडलीही. पण ती पकडल्यावर काय करायचे याची तजवीज त्या आकड्यासाठी केलेली नव्हती. संगणकावरचा ताण ठरावीक मर्यादेत ठेवण्यासाठी सातपैकी तीन आकड्यांना असे संरक्षण दिलेच नव्हते. एरियन-४ वर हा आकडा कधी मोठा होत नसे. प्रोग्राम तसाच उचलून वेगळ्या मार्गाने उडणाऱ्या नव्या रॉकेटवर बसवला. एकाला पर्याय म्हणून दुसरा संगणकही होता, मात्र त्यातही तोच प्रोग्राम असल्याने तोही तसाच बंद पडला.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, ‘तांत्रिक बिघाड’ हे उत्तर पुरेसे मानणे थांबवायला हवे. वर दिलेल्या प्रत्येक प्रकरणात कारण बाईट, बिट आणि दिवसांच्या आकड्यांत सांगता आले. ते सांगता आले, कारण कोणीतरी चौकशी केली आणि निष्कर्ष जाहीर केले. जीवरक्षक उपकरणे, लिफ्ट, वाहने, वीजमीटर यांच्याबाबतही तोच आग्रह धरायला हवा.

दुसरी, सार्वजनिक पैशातून होणाऱ्या खरेदीत तीन साधे प्रश्न विचारले जावेत. हे उपकरण सलग किती दिवस चालवून तपासले आहे? त्यातील कोणती मोजणी किती दिवसांनी उलटते? त्यातील फ्लॅश मेमरी रोजच्या वापरात किती वर्षे टिकेल? या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी कंपनीला आपले गुपित उघड करावे लागत नाही. उत्तर नसेल, तर हिशेबच केलेला नाही, असा त्याचा अर्थ आहे.

तिसरी, वॉचडॉगचा गैरवापर थांबायला हवा. चिप अडकली की तिला आपोआप पुन्हा सुरू करणारे हे घड्याळ अत्यंत उपयोगी आहे. पण उपकरण किती वेळा आणि कशामुळे पुन्हा सुरू झाले, याची नोंद ठेवली नाही, तर तेच चूक झाकण्याचे साधन बनते. रुग्णालयातील पंप रात्रीत तीनदा स्वतःहून सुरू-बंद झाला असेल, तर सकाळी परिचारिकेला ते दिसायला हवे.

चौथी गोष्ट शिक्षणाची. पुणे-पिंपरी परिसरात वाहनांच्या नियंत्रकांचे सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम मोठ्या प्रमाणावर चालते आणि राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून त्यासाठी मनुष्यबळ जाते. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प परीक्षकासमोर दहा मिनिटे चालला की गुण मिळतात. तो दहा दिवस चालतो का, हे विचारले तर? विद्यार्थ्यांना वेळेचा आकडा मुद्दाम उलटण्याच्या जवळ आणून चाचणी घ्यायला लावणे, स्टॅकच्या रिकाम्या जागेत ओळखीचा आकडा भरून त्यातील किती पुसला गेला हे मोजायला शिकवणे, यासाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही. आहे त्याच बोर्डावर एका तासात हे शिकवता येते.

यावर आक्षेप असा येईल की, एवढी काळजी घेतली तर उत्पादन महागेल आणि बाजारात यायला उशीर होईल. दिवे लावणाऱ्या खेळण्यासाठी हा आक्षेप मान्य करता येईल. पण थेरॅक-२५ मधील दुरुस्ती एका ओळीची होती आणि पॅट्रियटच्या इशाऱ्यात फक्त तासांचा एक आकडा कमी होता. या दोन्हींना फारसा खर्च नव्हता. आपल्या लिफ्टचा, स्कूटरचा किंवा रुग्णाच्या उशाशी असलेल्या पंपाचा तसा आकडा कोणी काढला आहे का, हे विचारण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. पुढच्या वेळी कोणी ‘बंद करून पुन्हा चालू करा’ असे सांगितले, तर ते जरूर करावे. पण त्यानंतर ‘का?’ हेही विचारावे आणि लेखी उत्तर मागावे.